वसंतातली ट्राउट: माशी बांधण्याआधी पाणी बघा

वसंतात ट्राउट हा गार पाण्यातला मासा माशीने (हुकवर बांधलेल्या, किड्यासारख्या नकली आमिषाने) धरायला पहाटे उठायची अजिबात गरज नाही. रात्रभर गारठलेलं पाणी ऊन चढल्यावरच तापतं, आणि किडे काय, मासा काय, दोघंही त्या उबेचीच वाट बघत असतात. साधारण अकरा ते तीन ही वेळ धरा.

नदीवर गेल्यावर आधी थर्मामीटर पाण्यात बुडवा. ५ अंश सेल्सिअसच्या खाली ट्राउट सुस्त असते. तिच्यासाठी जड निम्फ (पाण्यातल्या किड्याच्या पिल्लासारखी माशी) डोहाच्या तळालगत सोडावी लागते. ८-१० अंशांच्या आसपास मेफ्लाय (पाण्यात वाढणारे, पंख फुटले की बाहेर पडणारे नाजूक किडे) निघायला लागतात, आणि १० ते १६ मध्ये मासा मनापासून खातो. पारा चढता असेल तर थांबा, उतरता असेल तर फार आशा नको. बर्फाच्या पाण्यावरच्या नदीचं गणित मात्र उलटं: दुपारच्या उन्हात वितळलेलं पाणी खाली येतं, नदी गार, गढूळ होते आणि फुगते. तिथे लवकर आटपा, पाणी चढताना पात्रात उभे राहू नका.

मग उथळ खळाळातला एखादा दगड उलटा करून बघा. पोटाच्या दोन्ही कडांना थरथरणारे कल्ले आणि शेपटीला दोन-तीन धागे दिसले तर ती मेफ्लायची खरी निम्फ, म्हणजे पिल्लू. पाठीवरच्या पंखांच्या पिशव्या काळ्या पडल्या असतील तर ती लवकरच बाहेर पडणार. वाळूचे कण चिकटवून केलेली नळी कॅडिस नावाच्या किड्याच्या अळीची. दगड होता तसा परत ठेवा.

मासा वर आला की लगेच लाइन फेकू नका, आधी नीट बघा. मागे बुडबुडा राहिला तर त्याने तरंगता किडा उचलला. तिथे ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी नकली माशी, चालेल. नुसती पाठ दिसली, बुडबुडा नाही, तर तो पृष्ठभागाखालीच कातेतून अर्धवट सुटलेले किडे खातोय. तिथे इमर्जर, म्हणजे अशा किड्यांची नक्कल, बांधा. ढगाळ, दमट दिवशी बारीक ऑलिव्ह मेफ्लाय निघतात, त्यांना १८ नंबरचा हुक. (नंबर मोठा तितका हुक बारीक, नवख्यांचा इथे हमखास घोळ होतो.)

माशी प्रवाहाच्याच वेगाने वाहायला हवी. लाइनने ओढलेली माशी ट्राउट सहसा घेत नाही. लाइन पाण्यावर पडताच तिचा मधला भाग उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाका. तरी मासा दुर्लक्ष करतोय? माशीचा प्रकार बदलण्याआधी तीच एक नंबर बारीक लावा.

चालताना तळाच्या खडीत स्वच्छ, उजळ दिसणारे पट्टे तेवढे टाळा. रेनबो ट्राउट वसंतातच अंडी घालते, आणि ती तिथेच पुरलेली असतात.