रस्सा, कूलंट आणि अ‍ॅलर्जी: कारखान्यातली तयारी

नवा माणूस रुजू झाला की आपण आधार कार्ड, पासबुकाची झेरॉक्स आणि दोन फोटो मागतो. त्याच बैठकीत आणखी एक प्रश्न विचारून घ्या: काही खाल्ल्यावर, कशाला हात लागल्यावर किंवा एखाद्या गोळीनंतर कधी अंगावर पित्त उठलंय, ओठ सुजलेत, दम लागलाय? 'अ‍ॅलर्जी आहे का' एवढंच विचारलं तर बरेच जण सरळ नाही म्हणतात, कारण गांधी उठणं त्यांच्या लेखी अ‍ॅलर्जी नसतेच. उत्तर लिहून घ्या, पण नोटीस बोर्डावर लावू नका. कुणाकुणाला सांगायचं ते त्या माणसानं ठरवावं. शिफ्टचा सुपरवायझर आणि प्रथमोपचार शिकलेले दोघं, एवढ्यांना तरी माहीत असू दे, हे त्याला पटवायचं काम मात्र आपलं.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर प्रथमोपचार पेटी उघडून बघा. डोकं दुखतंय म्हणून कुणीही कुणाला वेदनाशामक गोळी देण्याची पद्धत असेल तर ती बंद करा. काही दमेकऱ्यांना अशा गोळीनंच धाप लागते.

आता जेवण. ऑर्डर मोठी मिळाली, नवं मशीन आलं, कुणाला मुलगी झाली, की आपल्याकडे रस्सा मंडळ, म्हणजे मटण-रश्श्याची पंगत, ठरलेलंच. पांढऱ्या रश्श्यात काजू, तीळ, खसखस, नारळाचं दूध. तांबड्यात कांदा-लसूण मसाला, आणि त्या मसाल्यात पुन्हा तीळ-खोबरं. वाटणाला दाणे लावलेत का, हे आचाऱ्यालाच विचारावं लागतं, आणि तेही आदल्या दिवशी. पंगत बसल्यावर विचारलं तर तो 'काय नसतंय हो' म्हणून मोकळा होतो. तेलही विचारा. घाण्याच्या शेंगतेलात दाण्याची प्रथिनं शिल्लक राहतात, त्यामुळे दाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्याला ते चालत नाही. ज्याला जपायचं त्याचं ताट आधी वाढून झाकून ठेवा, कारण एकदा पंगत सुरू झाली की तीच पळी तांबड्यातून पांढऱ्यात आणि तिथून भातात फिरते.

चहासोबतच्या पुड्यांचंही बघा. भडंगात दाणे दिसतात तरी. बिस्किटात, केकमध्ये काय आहे ते दिसत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल-नियमांत ग्लुटेनची धान्यं, कोळंबी-खेकडे, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व काजू-बदाम, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणावरचे सल्फाईट यांची वेगळी सूचना द्यावी लागते. तीळ त्या यादीत नाही. त्यामुळे तिळाचं वावडं असणाऱ्यानं खालची ठळक ओळ वाचून थांबू नये, सगळे घटक वाचावेत. सुट्या मिठाईला तर पुडाच नसतो.

एक गोष्ट सगळ्यांना बसवून सांगा: आग्रह नको. 'एक घास घे, काय होत नाही' हे वाक्य आपल्याकडे प्रेमानंच येतं. मी स्वतः ते एका नव्या पोराला म्हटलंय. मी एवढं म्हणतोय म्हटल्यावर त्यानं घास घेतला, आणि पंधरा मिनिटांत त्याचे डोळे सुजून मिटायला आले. थोडक्यात निभावलं. तेव्हापासून नाही म्हणणाऱ्याला आमच्याकडे दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही.

शॉपमध्ये खाण्यापेक्षा हातांचा त्रास जास्त. सीएनसी मशीनवरच्या माणसाच्या बोटांच्या बेचक्यांत खाज आणि भेगा दिसल्या तर आधी कूलंट (धातू कापताना थंडाव्याला सोडतात ते पाणी मिसळलेलं द्रव) तपासा. पाणी उडून जातं तसं ते घट्ट होत जातं, आणि घट्ट कूलंट कातडी जाळतं. त्याचा घट्टपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर कपाटात पडून असेल तर बाहेर काढा. थिनर किंवा रॉकेलनं हात धुणं बंद, साबण आणि वाहतं पाणी नळाशी ठेवा. हातमोजे आणताना लॅटेक्सऐवजी नायट्राइलचे आणा; मात्र फिरत्या ड्रिलवर, लेथवर कुठलेच हातमोजे नकोत, नाहीतर खाज वाचवायला जाऊन बोट जायचं. फौंड्रीत कोअर (साच्यात बसवायचा वाळूचा गाभा) बनवताना आयसोसायनेटचं रेझिन वापरत असाल तर तिथल्या खोकल्याला धुळीचा खोकला समजू नका. त्या रेझिननं दमा जडतो, आणि एकदा जडला की अगदी थोडी वाफही पुरते. खूण सोपी आहे: सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं, कामावर आलं की पुन्हा सुरू. महिनाभर तारीखवार वहीत लिहायला सांगा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा.

खंडेनवमीला मशीनची पूजा होणारच. दम्याचा माणूस असेल तर धूप, उदबत्ती शटरबाहेर. पावसाळ्याआधी एसीची जाळी धुऊन घ्या, ओल आलेल्या भिंतीला टेकलेल्या फायली हलवा. कंपाउंडमधलं काँग्रेस गवत फुलायच्या आत उपटा, पण उपटणाऱ्याला पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे देऊन. ते गवत अंगाला लागलं तरी पुरळ उठतं.

आता जीवावरचा प्रसंग. अंगावर गांधी आणि सोबत धाप, घसा आवळणं, चक्कर किंवा वारंवार उलटी असं दिसलं तर सेट्रिझीनसारखी अ‍ॅलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसू नका. खाज शमेल, श्वास वाचणार नाही. तिथं ॲड्रिनालीनचं इंजेक्शनच लागतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. आधी असा झटका येऊन गेलेल्या माणसानं ते स्वतःजवळ ठेवावं का, कुणी कसं टोचायचं, हे त्याच्या डॉक्टरांकडून लिहून आणा आणि शिकून घ्या. ते उन्हात, भट्टीजवळ किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, आणि एक्स्पायरीची तारीख कॅलेंडरवर लिहा. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा. धाप जास्त असेल तर पाय पसरून बसवा. उभं करून गेटपर्यंत चालवत नेणं ही सगळ्यात मोठी चूक. एकानं १०८ लावायचा, एकानं गेटवर थांबायचं, एकानं रुग्णाजवळ. नावं आजच ठरवा, प्रत्येक शिफ्टची वेगळी. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच, काही तासांनी त्रास उलटू शकतो.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्यांसाठी आणखी एक. कोल्हापुरातलं सीपीआर हे सरकारी रुग्णालय पंचगंगेच्या पलीकडे आहे, आणि २०१९ व २०२१ च्या पुरात महामार्गच बंद होता. राजाराम बंधाऱ्याशी पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागलं की नदीच्या अलीकडचा, रात्रीही उघडा असणारा दवाखाना कोणता, ते ठरलेलं असावं. फोन करून तिथं ॲड्रिनालीन आहे का तेही विचारून ठेवा.

हे सगळं कागदावर झालं की एकदा खोटा प्रसंग करून बघा, तोही रात्रपाळीत. आमच्या पहिल्या खेपेला पेटी हातात यायला सहा मिनिटं गेली. किल्ली दिवसपाळीच्या स्टोअरकीपरच्या खिशात, उचगावात त्याच्या घरी होती. दुसऱ्या दिवशी कुलूपच काढून टाकलं.