लेकरानं सांगितलं, आता काय करायचं

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या गावातला चौथीतला एक मुलगा दर सुट्टीला आईमागे वावरात जाऊ लागला. आधी सुट्टी म्हणजे दिवसभर क्रिकेट. आई मला कौतुकानं म्हणाली, "बाई, पोट्टा कामाचा झाला आता. घरी थांब म्हटलं तं थांबत नाही." मीही त्याच्या पाठीवर थाप मारली. दोन महिन्यांनी कळलं, लेकरू रिकाम्या घराला भीत होतं. सगळे वावरात गेले की दुपारी घरात येणारा माणूस नात्यातलाच होता.

मी यवतमाळ जिल्ह्यात २२ वर्षं अंगणवाडी सेविका आहे. ओळख पटू नये म्हणून इथले काही तपशील बदलले आहेत. लैंगिक अत्याचार झालेल्या लेकराच्या मनावरची जखम किती खोल जाईल, हे बरंचसं त्याचं पहिल्यांदा ऐकणाऱ्या माणसावर ठरतं, असं मी इतक्या वर्षांत पाहिलं. खेड्यात ते माणूस म्हणजे आई, आजी, शाळेतल्या बाई, आशाताई. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

अंगावर खूण बहुतेक वेळा नसतेच, म्हणून वागण्यातला बदल बघा. त्या मुलाचं अंथरूण कितीतरी वर्षांपासून कोरडं होतं, ते पुन्हा ओलं होऊ लागलं. रोज सकाळी कुंपणावर गोधडी वाळत असायची आणि त्याला बोलणी बसायची. दुसऱ्या एका मुलीनं भर एप्रिलात फ्रॉकखाली दोन सलवारी घालायला सुरुवात केली. कोणाचं पोट रोज दुखतं आणि तपासणीत काही निघत नाही, कोणी शाळेच्या संडासात जात नाही, कोणी वयाला न शोभणारं लहान पोरांसोबत करू पाहतं, मोठी मुलं हातावर ब्लेड मारून घेतात. यातलं कुठलंही एक लक्षण दुसऱ्या कारणानंही होऊ शकतं. म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका, पण रागावूही नका. गोधडी गुपचूप बदला आणि निवांत वेळी विचारा, "तुले कोणाजवळ जायचं नको वाटते का?"

मुलग्यांनाही विचारा. "पोराले काय होते" या समजुतीपायी ते वर्षानुवर्षं तोंड उघडत नाहीत. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ चा अभ्यास १३ राज्यांतला होता. त्यात ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचं लैंगिक शोषण झाल्याचं सांगितलं, आणि त्यांच्यात मुलगे निम्म्याहून जास्त होते.

त्या चौथीतल्या मुलानं मला सांगितलं तेव्हा मी अंगणवाडीच्या मागे तांदूळ निवडत बसले होते. तो खडे वेचायला लागला आणि सुपात बघतच बोलला. मी सूप खाली ठेवलं नाही, त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं नाही. लेकरं अशीच बोलतात, अर्धं वाक्य, मग दहा मिनिटं काही नाही. आपला चेहरा पडला, आपण रडलो किंवा "थांब, त्याले दाखवतो" म्हणून उठलो, की लेकराला वाटतं, माझ्यामुळं घर बिघडलं. मग ते म्हणतं, "मी खोटं बोललो."

मी एवढंच म्हटलं, "सांगतलं ते लय चांगलं केलं. माहा तुह्यावर भरोसा आहे. यात तुही काही चूक नाही." पुढे फक्त "मंग?" इतकंच. "तू गेला काऊन?", "आधी काऊन नाही सांगतलं?" हे प्रश्न विचारूच नका. आपल्या मनातलं त्याच्या तोंडी घालू नका. आणि "हे आपल्या दोघांतच राहील" असं वचन चुकूनही देऊ नका, कारण त्रास देणाराही हेच बोललेला असतो. मी म्हटलं, "तुले वाचवू शकतात तेवढ्याच लोकायले सांगीन, आन सांगायच्या आधी तुले सांगीन."

मग त्यानं विचारलं, "बाई, मी बोंबललो काऊन नाही?"

हा प्रश्न लेकराला सगळ्यात जास्त कुरतडतो, म्हणून याचं उत्तर तयार ठेवा. मी त्याला टिटवीची आठवण दिली. वावरात घार फिरू लागली, टिटवी ओरडली, की तिचं पिल्लू पळत नाही, ढेकळासारखं निपचित पडून राहतं. भ्यालेलं शरीर जीव वाचवायला हेच करतं. हात-पाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. ती संमती नव्हे. काही लेकरांच्या शरीराला स्पर्शाची जाणीव होते आणि त्याचीच त्यांना फार लाज वाटते. तेही शरीराचं आपोआप चालणारं काम आहे, यात लेकराचा दोष नाही, हे सरळ शब्दांत सांगा.

माझी चूकही सांगते. पंधरा वर्षांपूर्वी एका मुलीनं असंच काही बोलायला सुरुवात केली होती. मी म्हटलं, "कोणाजवळ बोलू नको माय, उद्या लग्न व्हायचं आहे तुहं." त्यानंतर ती अंगणवाडीवरून कधी गेली नाही. नाल्याकडून लांबचा फेरा घालून शाळेत जायची. तिचं मी आणखी एक दार बंद केलं होतं.

घटना ताजी असेल तर कपडे धुऊ नका, कागदी किंवा सुती पिशवीत ठेवा आणि सरकारी दवाखाना गाठा. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. मदतीसाठी लेकरांची हेल्पलाइन १०९८, पोलिसांसाठी ११२. लेकरांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पोक्सो कायदा २०१२ चा आहे. त्यात कळूनही न कळवणं हा गुन्हा आहे. लेकराचा जबाब घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा असतो. आम्हाला एका ठाण्यात बाकावर तीन तास बसवलं होतं, तेव्हा मला हे माहीत नव्हतं. तुम्ही हा नियम आधीच बोलून दाखवा. बालकल्याण समितीकडून सोबतीला सहायक व्यक्ती मागा, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अत्याचार झालेल्यांना आर्थिक मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेची चौकशी करा. "कपड्यावरूनच तं हात लावला" असं म्हणणारे भेटतील. कपड्यावरून हात लावणं हा पोक्सोतला लैंगिक हल्ला नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा निकाल जानेवारी २०२१ मध्ये आला होता. सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी नोव्हेंबरात तो रद्द केला.

खरं काम त्यानंतरचं आहे, आणि ते महिनोन्‌महिने चालतं. झोपायची वेळ, जेवण, शाळा, खेळ रोज तसंच ठेवा, त्यानं लेकराला आधार वाटतो. अंगाला हात लावायच्या आधी विचारा, आजीनं पापी घ्यायची असली तरी. मधेच ते शून्यात बघत बसतं, हाक ऐकू येत नाही. तेव्हा "बाहेरचं लागलं" म्हणून मांत्रिकाकडे नेऊ नका. असह्य झालं की मन असं स्वतःला बाजूला काढून ठेवतं. महिना-दीड महिन्यातही झोप, खाणं, शाळा रुळावर येत नसेल, किंवा मरणाची भाषा एकदाही निघाली, तर जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या मानसोपचार विभागात न्या. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फुकट बोलता येतं. आईनंही बोलावं. तिच्या छातीवर "मी घरी असती तं" हा धोंडा असतोच.

आणि कशानं घाबरतं ते शोधा. या मुलाला खर्रा, म्हणजे प्लॅस्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारी, घोटल्याचा आवाज सहन होत नव्हता. पन्नीची ती सरसर कानी पडली की त्याचे हात गार पडायचे, कारण तो माणूस खर्रा खायचा. आम्ही त्याला शिकवलं, चप्पल काढून पाय जमिनीवर दाब, दिसतात त्या पाच वस्तूंची नावं घे, मग श्वास हळू सोड. पहिले काही दिवस आई सोबत करायची. त्यानं नाव घेतलेली पहिली वस्तू बहुतेक वेळा बैल असायची.

परवा आर्णीच्या एसटीत मागच्या सीटवर कोणी तरी पन्नी घोटायला लागलं. तो उठला, आईला म्हणाला, "मले इथं नाही बसायचं." आईनं काही विचारलं नाही. पिशवी उचलली आणि दोघं समोर जाऊन उभे राहिले.