केनियाच्या बालगृहात फॅमिलीसकट सेवेला जायचंय? मग आधी हे बघा

आमच्या भायखळ्याच्या मराठी चर्चमधे दर वर्षी कोणीतरी विचारतंच, म्हणून लिहून टाकते. तिकीट नंतर, पहिलं यलो फीवरचं इंजेक्शन. ते सरकारमान्य सेंटरलाच मिळतं आणि पिवळं सर्टिफिकेट १० दिवसांनी लागू होतं, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावपळ करून काही उपयोग नाही. ते नसेल तर परत येताना मुंबई एअरपोर्टवर ६ दिवस क्वारंटाईन होऊ शकतं. एकदा घेतलं की आयुष्यभर चालतं.

२०२४ पासून केनियाला जायला ईटीए (म्हणजे प्रवासाची ऑनलाईन परवानगी) काढतात, पण ते फिरायला जाणाऱ्यांसाठी. मिशनच्या कामाला वेगळं परमिट लागतं, क्लास आय, तिथल्या संस्थेलाच अर्ज करायला सांगा. पोलीस क्लिअरन्स (आपल्यावर गुन्हा नाही असा पोलिसांचा दाखला) पासपोर्ट सेवातून मिळतं, संस्थेने मागितलं नाही तरी काढा, आणि खरं सांगू, जी संस्था मागतच नाही तिच्याकडे जाऊच नका.

आता मुलांचं. केनिया सरकारचं धोरणच आहे की मुलं संस्थेतून हळूहळू नातेवाईकांकडे, कुटुंबात जावीत. म्हणून दोन आठवडे लाड करून निघून येण्यापेक्षा तिथल्या मावशींना स्वयंपाकात, हिशोबात मदत करा, त्या कायम असतात ना. मुलांचे फोटो स्टेटसला नको.

जेवणाचं टेन्शन नको, चहाला तिकडे पण चायच म्हणतात, चपाती पण मिळते. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, हाताने गोळा करून भाजीत बुडवायची. लोणचं मात्र न्या, डबल पॅक करून.