स्ट्रॉबेरीचा जुना वाफा: रोपं नवी धरा, जागाही बदला

महाबळेश्वर-पाचगणीच्या शेतांत स्ट्रॉबेरी दरवर्षी नव्यानं लावतात. परसबागेत मात्र तीच झाडं तीन-तीन वर्षं राहतात आणि मग पाला उदंड, फळं बोराएवढी. कारण बुंध्याशी सापडतं. पानं जिथून फुटतात तो क्राऊन दरवर्षी थोडा वर सरकतो. नवी मुळं त्याच्या वरच्या भागातून निघतात, पण मातीपर्यंत पोचण्याआधीच वाळतात. खालची मुळं तोवर काळी पडलेली असतात. अशा झाडाला खत घालून उपयोग नाही. त्याची पिल्लं, म्हणजे त्याच्यापासून फुटणारी नवी रोपं धरायची.

कोणत्या झाडाची? ते जानेवारी-फेब्रुवारीत, फळं लागलेली असतानाच ठरवा आणि काडी रोवून ठेवा. मेमध्ये तोडा संपला की खुणेची चार-पाच झाडं ठेवून बाकी उपटा. आकसलेल्या, चट्टे पडलेल्या पानांचं झाड कंपोस्टमध्ये टाकू नका. ठेवलेल्या झाडांची फक्त जुनी पानं काढा, मधला कोंब शाबूत हवा. थंड देशांत तोडणीनंतर सगळा पाला छाटतात. इथं पाठोपाठ पाऊस येतो आणि जखमी क्राऊन कुजतो.

आता रनर, म्हणजे जमिनीवर सरपटत जाणारे लांब देठ सुटतील; त्यांवरच पिल्लं येतात. एका झाडाचे चार-पाचच ठेवा. आईजवळचं पहिलं पिल्लू सर्वांत जोमदार असतं. माती, कुजलेलं शेणखत आणि वाळू समान घेऊन पिशव्या भरा. पिल्लू मातीवर टेकवून वाकवलेल्या तारेनं अडकवा, पण गाडू नका. चार ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. हळूच ओढून पाहा, हललं नाही तरच नाळ कापा. जून ते सप्टेंबर पिशव्या छपराखाली, उजेडात ठेवा. वाई-जावळीच्या पावसात उघड्यावरची रोपं क्राऊन सडून जातात.

नवा वाफा जुन्या जागी नको. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा होता तिथंही नको, मर रोग मातीत टिकून राहतो. वाफा 20 ते 25 सेंमी उंच करा, चौरस मीटरला 4-5 किलो शेणखत घाला. ते पूर्ण कुजलेलंच हवं, कच्च्या खतातून हुमणी ही मातीतली अळी येते आणि मुळं खाऊन टाकते. कऱ्हाड-साताऱ्याच्या चुनखडी काळ्या मातीत पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर लोह कमी पडतंय. 1 लिटर पाण्यात 1 ग्रॅम चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येतं अशा रूपातलं) मिसळून फवारा. राख तर अजिबात टाकू नका, तिनं दुखणं वाढतं. जमीन फारच चुनखडीची असेल तर तांबडी माती आणून कुंड्यांत लावणं बरं.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, संध्याकाळी, 30 सेंमी अंतरावर लागवड करा. क्राऊनचा मध्य मातीच्या बरोबरीला ठेवा. खोल गेला तर सडतो, उंच राहिला तर मुळं उघडी पडून पुन्हा जुनंच दुखणं सुरू होतं. पहिलं पाणी दिल्यावर माती बसते, तेव्हा प्रत्येक रोप एकदा बघून घ्या. पहिले तीन आठवडे येणारी फुलं खुडा.