अकाउंटवर निर्बंध आले? आधी प्रकार ओळखा, मग अपील करा

सोशल मीडियावरचं अकाउंट बंद पडलं की अनेक जण तडकाफडकी दुसरं उघडतात. तसं करू नका. बंदी चुकवण्यासाठी काढलेलं अकाउंट हा बहुतेक प्लॅटफॉर्मवर वेगळा नियमभंग धरतात, आणि डिव्हाइस, आयपी (इंटरनेट जोडणीचा पत्ता) किंवा फोन नंबरवरून ते सापडूही शकतं.

लॉगिन होतंय, फक्त कमेंट किंवा फॉलो होत नाही? मग बहुधा वेगमर्यादा, म्हणजे ठरावीक वेळात किती कृती करता येतात यावरची तात्पुरती रोक, लागली आहे. थोड्या वेळात ढीगभर फॉलो केले, एकच मेसेज अनेकांना चिकटवला की हे आपोआप होतं. फॉलोअर वाढवून देणाऱ्या अ‍ॅपला दिलेली परवानगी काढा, पासवर्ड बदला आणि एक-दोन दिवस हात आवरा. ब्लॉक उठला का हे दर तासाला तपासू नका, त्याने तो लांबूही शकतो.

लॉगिन करतानाच कोड किंवा ओळखपत्र मागितलं, तर ते सुरक्षेचं कुलूप आहे. तिथे बाजू मांडायची नसते, ओळख पटवायची असते.

पोस्ट काढली असेल तर कुठला नियम लावला ते नोटिशीत वाचा. इन्स्टाग्रामवर ही नोंद सेटिंग्जमधल्या 'अकाउंट स्टेटस'मध्ये दिसते. यूट्यूबवर पहिल्या चुकीला सहसा इशारा मिळतो. पुढे पहिल्या स्ट्राइकला (नियमभंगाच्या नोंदीला) 1 आठवडा अपलोड बंद, 90 दिवसांत दुसरी आली तर 2 आठवडे, त्याच 90 दिवसांत तिसरी आली तर चॅनलच जातं. व्हिडिओ डिलीट केल्याने स्ट्राइक पुसली जात नाही. कॉपीराइट स्ट्राइकचा मार्ग निराळा: दावा करणाऱ्याने तो मागे घ्यावा, किंवा तुम्ही प्रति-सूचना द्यावी, म्हणजे व्हिडिओ चुकीने काढला असं औपचारिकपणे कळवावं. प्रति-सूचना हा कायदेशीर दस्तऐवज आहे. हक्क तुमचाच आहे याची खात्री नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

अपील लिहिण्याआधी नोटिशीचा स्क्रीनशॉट, पोस्टची लिंक आणि तारीख जपून ठेवा. डेटा डाउनलोड करता येत असेल तर करून घ्या. मजकूर चार-पाच ओळींचा पुरे: कुठली पोस्ट, कुठला नियम, तो इथे का लागू होत नाही. उपरोध, बोलीभाषेतली शिवी, निषेधासाठी उद्धृत केलेलं दुसऱ्याचं वाक्य यांत पोस्ट आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेची हमखास गल्लत होते, म्हणून संदर्भ स्पष्ट लिहा. 'मी काहीच केलं नाही' एवढ्याने तपासणाऱ्याला काही कळत नाही. खरंच चूक असेल तर अपिलात वेळ घालवू नका, निर्बंधाची मुदत संपू द्या.

एकच अपील पुन्हापुन्हा पाठवून फायदा नाही. फेसबुक-इन्स्टाग्रामवर ते फेटाळलं गेलं आणि सोबत संदर्भ क्रमांक मिळाला, तर 15 दिवसांत ओव्हरसाइट बोर्डाकडे, म्हणजे कंपनीच्या अशा निर्णयांचा फेरविचार करणाऱ्या स्वतंत्र मंडळाकडे, जाता येतं. बोर्ड मोजकीच प्रकरणं निवडतं. 'अकाउंट परत मिळवून देतो' म्हणत ओटीपी किंवा पैसे मागणाऱ्यांना मात्र उत्तरही देऊ नका.