ठसका थांबला म्हणजे दाणा निघाला असं नाही: या चुका टाळा

रविवारी सकाळी घरात तर्री-पोहे. दीड वर्षाचं पोर बाबांच्या प्लेटमध्ये हात घालून एक चणा तोंडात टाकतं, तेवढ्यात कोणीतरी त्याला हसवतं आणि जोराचा ठसका लागतो. "वर बघ, चिमणी बघ," म्हणत आजी टाळूवर थोपटते. पाच मिनिटांत पोर पुन्हा खेळायला लागतं. नागपुरातल्या आया मला हे सांगतात तेव्हा बहुतेक वेळा आठवडा उलटून गेलेला असतो.

घात होतो तो या शांततेनं. दाणा घशातून खाली सरकून श्वासनलिकेच्या फांदीत बसला की खोकल्याची उबळ ओसरते. उजवी फांदी रुंद आणि सरळ, म्हणून बरेचदा तिकडेच. तिथल्या ओलाव्यानं दाणा फुगतो, शेंगदाण्याच्या तेलानं आतली त्वचा सुजते. मग खोकला, ताप, एकाच बाजूला घरघर. सिरप, वाफ, अँटिबायोटिक. चार दिवस बरं, की पुन्हा तेच. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ठसक्याची गोष्ट तुम्ही आधी सांगा. निदान बहुतेकदा तिथेच होतं.

"एक्स-रे तर नॉर्मल आहे!" नाणं, पिन, बॅटरी दिसते. चणा, शेंगदाणा, सुपारी दिसत नाही. कधी हवा आत जाते पण बाहेर निघत नाही, म्हणून त्या बाजूचं फुप्फुस जास्त फुगलेलं दिसतं. तेही दिसलं नाही आणि ठसका मात्र खरा, तर ब्रॉन्कोस्कोपी टाळू नका. भूल देऊन तोंडावाटे दुर्बिणीची नळी घालतात, त्याच नळीतून बाळाला श्वास देत चिमट्यानं दाणा काढतात. भुलीची भीती मला समजते. पण तसंच थांबून राहण्यात धोका जास्त आहे.

वस्तू खाली जावी म्हणून केळं भरवतात. ती अन्ननलिकेत नाहीच! शिवाय भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं, म्हणून वाटेत पाणीही नको. निघण्यापूर्वी हॉस्पिटलला फोन करून लहान मुलांची ब्रॉन्कोस्कोपी तिथे होते का, ते विचारा.

तोंडात आंधळेपणानं बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. पोर जोरात खोकतंय तोवर खोकू द्या. आवाज बंद झाला, ओठ निळे पडले, तर कोणाला तरी 108 लावायला सांगा आणि लगेच सुरू करा. वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं, डोकं खाली. खवाट्यांच्या मधोमध 5 थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध 5 दाब. वर्षावरच्या मुलाला 5 थापा, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर 5 झटके. वस्तू निघेपर्यंत हेच. बेशुद्ध झालं तर सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडानं श्वास देणं. तान्ह्या बाळाचं पोट कधीच दाबायचं नाही.

चार वर्षांपर्यंत अख्खा शेंगदाणा नको. तर्रीतला चणा बोटानं कुस्करून द्या. आणि खर्र्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची, पन्नी घरात कुठेही उघडी टाकू नका. खाली सांडलेला सुपारीचा तुकडा रांगणाऱ्या पोराला आपल्याआधी दिसतो.