रेझिनमधील सीहॉक: ओतीव भागांपासून नौदलाचे लढाऊ विमान कसे घडवावे

बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्रीत ज्याने साच्यातून निघालेले नग पाहिले असतील, त्याला रेझिनच्या विमानाचे किट, म्हणजे छोटी प्रतिकृती जोडण्यासाठीचा सुट्या भागांचा संच, उघडताना फारसे नवखे वाटणार नाही. नगाला चिकटून आलेला रायझर, म्हणजे ओतकामाचा जादा ठोकळा, साच्याच्या सांध्यावर उठलेली पातळ कड, मध्येच राहिलेला हवेचा फुगा, हे सारे तिथल्यासारखेच असते. फरक एवढाच की लोखंडाच्या जागी पॉलियुरेथेन रेझिन असते आणि नग तळहातावर मावतो. फाउंड्रीत अशा नगाच्या साफसफाईला फेटलिंग म्हणतात. माझ्या हिशेबाने रेझिनच्या प्रतिकृतीचे दोन तृतीयांश काम हे फेटलिंगच असते, आणि ते उरकून जो लगबगीने रंगाकडे वळतो त्याची घाई रंगाच्या पहिल्याच हातात उघडी पडते.

आधी विमान समजून घ्यावे

येथे उदाहरणासाठी १:७२ प्रमाणातील हॉकर सीहॉक घेतले आहे. विक्रांत ही विमानवाहू नौका १९६१ मध्ये आपल्या नौदलात दाखल झाली, तेव्हा तिच्यावरचे जेट लढाऊ विमान हेच होते. डिसेंबर १९७१ च्या युद्धात व्हाइट टायगर्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या सीहॉकनी तिच्यावरून उड्डाण करून कॉक्स बाजार आणि चितगाव येथील लक्ष्यांवर हल्ले केले. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ११.८९ मीटर आणि लांबी १२.०९ मीटर होती. म्हणजे प्रतिकृती पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत सुमारे १६५ मिलिमीटर आणि लांबीला १६८ मिलिमीटर भरली पाहिजे. पट्टीने हे एकदा मोजून घ्यावे, कारण रेझिन घट्ट होताना किंचित आकसते आणि लहान प्रमाणावर निघणाऱ्या किटमध्ये त्याचा परिणाम कधी कधी दिसतो.

सीहॉकची एक खोड किट जोडणाऱ्याने आधीच ओळखून ठेवावी. त्याच्या एकाच नीन इंजिनाचा झोत शेपटीतून बाहेर पडत नाही; तो दोन नळ्यांत विभागून पंखांच्या मुळाशी, मागच्या कडेला, दोन्ही बाजूंनी सोडलेला आहे. त्यामुळे धडाच्या मागच्या भागात इंधनाच्या टाक्यांना जागा मिळाली. प्रतिकृतीत मात्र त्याचा अर्थ असा की पंखाच्या मुळाशी पुढे हवेचे तोंड, मागे झोताचे तोंड आणि दोहोंमध्ये पंखाचा सांधा, अशी तीन अवघड ठिकाणे एकाच ठिकाणी गोळा होतात.

आपल्याकडच्या हौशी माणसाची एक मोठी सोय म्हणजे गोव्यात, दाबोळी विमानतळाजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर, नौदलाच्या विमानांचे संग्रहालय आहे आणि तेथे सीहॉक उभे आहे. जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून गेल्यास एका दिवसात जाऊन येता येते. तेथे जाऊन झोताच्या तोंडाची गोलाई, चाकांच्या झाकणांचे कोन आणि शेपटीखालचा हुक नीट निरखावा. रंगाचा पुरावा म्हणून मात्र उघड्यावर उभ्या राहिलेल्या कोणत्याही विमानावर विसंबू नये.

धुणे, कापणे, सरळ करणे

पहिले काम धुण्याचे. नग साच्यातून सुटावा म्हणून साच्याला तेलकट द्रव्य लावलेले असते आणि ते नगावर राहिले तर ना डिंक धरतो ना रंग. भांडी घासायचा पातळ साबण कोमट पाण्यात घालून सर्व भाग अर्धा तास भिजवावेत, जुन्या मऊ टूथब्रशने हलके घासावेत आणि पुन्हा स्वच्छ पाण्यातून काढावेत. हे मोरीत करू नये; चाकाचे झाकण बोटाच्या नखाहून लहान असते आणि एकदा जाळीतून गेले की गेले. पसरट घमेल्यात करावे आणि पाणी ओतताना खाली गाळणे धरावे.

त्यानंतर ओतकामाचे ठोकळे कापायचे. यासाठी सर्वांत चांगले हत्यार म्हणजे सोनारांची केसासारख्या पात्याची करवत. बेळगावच्या शहापुरात सोन्याचांदीच्या कारागिरांना अवजारे पुरवणाऱ्या दुकानात ती सहज मिळते. ठोकळा पकडीने मोडण्याचा मोह होतो, पण रेझिन ठिसूळ असल्यामुळे तो मोडताना भागाचा टवकाही घेऊन जातो. रेषेपासून अर्धा मिलिमीटर लांब कापावे आणि उरलेले घासून काढावे.

घासणे नेहमी ओले करावे. रेझिनची कोरडी धूळ अत्यंत बारीक असते आणि फुप्फुसांना अपायकारक असते, म्हणून गाड्या रंगवणारे जो वॉटर पेपर वापरतात तो ४०० नंबरपासून सुरू करून ६०० आणि १००० पर्यंत पाण्यात बुडवूनच चालवावा. करवत चालवताना आणि छिद्रे पाडताना चांगला मास्क लावावा. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे काम करू नये, हे घरातली मंडळी सांगतीलच.

पंखांच्या मागच्या कडेकडे विशेष लक्ष द्यावे. ही कड एक मिलिमीटर जाड राहिली तर १:७२ च्या हिशेबाने ती खऱ्या विमानात ७२ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ चार बोटे जाड होते. काचेच्या तुकड्यावर वॉटर पेपर चिकटवून पंखाची खालची बाजू त्यावर सपाट फिरवावी आणि कड उजेडासमोर धरल्यास किंचित पारदर्शक दिसेपर्यंत थांबू नये.

पातळ भाग वाकून आलेले असतील तर घाबरण्याचे कारण नाही. चहाचे पाणी उकळी फुटण्याच्या आधी, तळाशी बुडबुडे सुटू लागताच उतरवावे, भाग त्यात अर्धा ते एक मिनिट बुडवावा, काचेवर दाबून सरळ करावा आणि तसाच धरून गार पाण्याखाली न्यावा. उष्णतेने सरळ होणारी वस्तू उष्णतेनेच वाकडीही होते. माझी एक पूर्ण झालेली प्रतिकृती एप्रिलमध्ये पश्चिमेच्या खिडकीत राहिली आणि आठवडाभरात रेझिनच्याच पायांवर ती एका बाजूला कलली. म्हणून चाकांचे पाय धातूचे दिलेले असतील तर तेच वापरावेत. नसतील तर रेझिनचा पाय मधोमध कोरून त्यात पितळेची तार बसवावी.

जोडणी

प्लॅस्टिकच्या किटसाठी मिळणारा डिंक येथे निरुपयोगी आहे. तो प्लॅस्टिक विरघळवून सांधतो आणि रेझिनवर त्याचा परिणाम होत नाही. लहान भागांना सुपरग्लू आणि भार सोसणाऱ्या सांध्यांना दोन नळ्यांचे एपॉक्सी वापरावे. सुपरग्लू हवेतील ओलाव्याने धरतो, त्यामुळे खानापूरकडच्या पावसात तो भाग नीट बसवण्याआधीच आवळतो आणि डिसेंबरच्या कोरड्या थंडीत वाट पाहायला लावतो. पावसाळ्यात उघडलेली बाटली घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.

डिंक उघडण्यापूर्वी सारे विमान चिकटपट्टीने कोरडेच बांधून पाहावे आणि तेव्हाच तोल तपासावा. सीहॉकला नाकाखाली चाक आहे, आणि शेपटीकडचा भाग भरीव रेझिनचा असला की प्रतिकृती हमखास मागे बसते. मुख्य चाके जेथे येणार तेथे दोन्ही बाजूंना बोटांचा टेकू देऊन नाक खाली झुकेपर्यंत नाकाच्या पोकळीत शिसे घालत जावे; गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या यासाठी उत्तम. वजन अंदाजापेक्षा थोडे जास्तच घालावे, कारण रंगाचे थर आणि शेपटीवर फटी भरायला लावलेली लांबी (पुट्टी) यांचाही भार पडतो. शिसे एपॉक्सीने पक्के करावे, फेव्हिकॉलने कधीही नव्हे. पांढऱ्या डिंकात शिसे हळूहळू गंजून फुगते आणि काही वर्षांनी नाकाचा सांधा आतून उकलतो. शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. हे सर्व कॉकपिट रंगवून बसवण्याच्या आणि धडाचे दोन भाग मिटवण्याच्या आधी व्हायला हवे.

पंखांचा सांधा नुसत्या डिंकावर सोडू नये. हाताने फिरवायच्या लहान ड्रिलने धडात आणि पंखाच्या मुळात समोरासमोर ०.८ मिलिमीटरची दोन दोन छिद्रे पाडावीत आणि त्यांत पितळेच्या तारेचे तुकडे बसवावेत. छिद्रे जुळण्यासाठी एका बाजूच्या छिद्रात रंगाचा ठिपका ठेवून दुसरी बाजू त्यावर टेकवली की खूण आपोआप उमटते. एपॉक्सी लावल्यावर धड काचेवर ठेवावे, दोन्ही पंखांच्या टोकांखाली सारख्या उंचीच्या काड्यापेट्या आणि कागदाच्या घड्या लावाव्यात, आणि पुढून, मागून, वरून पाहून रात्रभर हात लावू नये. विमान वाकडे असेल तर पुढचे कोणतेही कसब ते लपवू शकत नाही.

फटी भरायला गॅरेजमधली लांबी चालते; ती पातळ थरांत द्यावी. बारीक फुग्यांच्या छिद्रांसाठी सुपरग्लूच्या थेंबावर चिमूटभर खायचा सोडा टाकला तर तो तत्काळ दगडासारखा होतो. मात्र तो अर्ध्या तासाच्या आत घासून घ्यावा, कारण दुसऱ्या दिवशी तो रेझिनपेक्षा कठीण झालेला असतो आणि मग घासताना भोवतालचे रेझिन आधी झिजते. घासण्यात पुसल्या गेलेल्या पत्र्यांच्या रेषा सुईने, पट्टीच्या आधाराने, पुन्हा कोराव्यात. नाकाखालच्या चार तोफांची तोंडे बहुधा बुजलेली असतात, तीही याच वेळी बारीक ड्रिलने उघडावीत.

कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचे पारदर्शक झाकण, बहुतेक वेळा पातळ पारदर्शक पत्र्यावर उठवलेली येते. आतून मातीच्या खेळण्यांची रंगीत माती भरून तिला आधार द्यावा आणि नव्या पात्याने एकाच रेषेवरून अनेकदा हलके फिरवत कापावे. ती चिकटवायला फेव्हिकॉलच योग्य, कारण सुपरग्लूची वाफ आतून पांढरी साय धरते आणि ती पुसता येत नाही.

रंग आणि खुणा

आमच्याकडे जून ते सप्टेंबर हा काळ धुण्या-घासण्याचा, आणि दसऱ्यानंतरचा काळ रंगाचा, अशी वाटणी मी ठेवली आहे. दमट हवेत लॅकर रंगावर पांढुरकी छटा चढते. एअरब्रश स्वतःकडे नसल्यास गणेशमूर्ती रंगवणाऱ्या ओळखीच्या मूर्तिकाराला विचारावे. हंगाम संपल्यावर तो आनंदाने देतो आणि हात कसा फिरवावा हेही दाखवतो.

आधी राखी प्रायमरचा एक पातळ हात द्यावा. त्यात जे ओरखडे आणि फटी दिसतील त्या दुरुस्त करून दुसरा हात द्यावा. हे दोन-तीनदा करावे लागले तर त्यात कमीपणा नाही. ब्रिटिश नौदलाच्या सीहॉकवर वरून गडद सागरी राखी, म्हणजे एक्स्ट्रा डार्क सी ग्रे, आणि खालून हिरवट झाक असलेला फिका स्काय हा रंग असे. ब्रिटिश रंगतक्त्यात त्यांचे क्रमांक अनुक्रमे ६४० आणि २१० आहेत. भारतीय विमान करताना ज्या विमानाचा क्रमांक लावायचा त्याचेच छायाचित्र समोर ठेवून दोन रंगांची सीमारेषा ठरवावी. फिका रंग आधी द्यावा, तो चोवीस तास वाळू द्यावा, मग पट्टी लावून गडद रंग द्यावा. झोताच्या दोन्ही तोंडांच्या आत जळकट धातूचा रंग कुंचल्याने भरावा.

डेकल, म्हणजे विमानावर चिकटवायच्या छापील खुणा, लावण्यापूर्वी चकचकीत वॉर्निशचा थर आवश्यक आहे. खरबरीत पृष्ठभागावर डेकलखाली हवा अडकते आणि तिचे चंदेरी डाग कायम राहतात. आपले वर्तुळचिन्ह लावताना मध्ये हिरवा, मग पांढरा आणि बाहेर केशरी हा क्रम किटमधल्या डेकलवर बरोबर छापला आहे ना, हे पाहून घ्यावे. सर्व बसल्यावर मंद चमकेच्या वॉर्निशचा शेवटचा हात द्यावा. चाकांची झाकणे, शेपटीखालचा हुक आणि इतर मोडण्याजोगे भाग अगदी शेवटी लावावेत, आणि तयार विमान काचेच्या कपाटात, उन्हाच्या तिरिपेपासून दूर ठेवावे.